भिंत नसलेलं चर्च : ल रँसीच्या काँक्रीटच्या जाळीचं प्रकरण

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा फ्रान्सने तेरा-चौदा लाख माणसं गमावली होती. गावोगावी चौकांत नावं कोरलेले दगड उभे राहत होते. पॅरिसच्या पूर्वेला, शहराच्या मध्यापासून साधारण १३ किलोमीटरवर असलेल्या ल रँसी या उपनगराला मात्र दगडावर भागवायचं नव्हतं. सप्टेंबर १९१४ मध्ये उर्क नदीकाठी जर्मन फौजा थोपवल्या गेल्या, ती लढाई इथून फार लांब झाली नव्हती. पॅरिसच्या टॅक्सी सैनिक भरभरून आघाडीकडे गेल्या, त्याही याच बाजूने. तिथले धर्मगुरू फेलिक्स नेग्र यांना त्या लढाईत पडलेल्यांच्या आठवणीसाठी आणि त्यांच्या मागे राहिलेल्यांसाठी चर्च हवं होतं. नावही तसंच ठरलं : सांत्वन करणाऱ्या मरियेचं चर्च. वस्ती वाढत होती, जुनी जागा पुरत नव्हती, त्यामुळे चर्च मोठं हवं होतं. आणि गाठीशी पैसा फारच थोडा होता.

मी मुंबईत इमारतींच्या दुरुस्तीची कामं करते. फुगलेली सळई, पोपडे सुटलेले स्लॅब, भेगा पडलेले कॉलम हा माझा रोजचा दिवस. या चर्चशी माझी ओळख त्याच वाटेने झाली. त्याचं कौतुक वाचण्याआधी मी त्याच्या गंजाबद्दल वाचलं होतं. नंतर प्रत्यक्ष आत जाऊन उभी राहिले तेव्हा जे कळलं ते असं : हे चर्च सुंदर आहे ते ज्या पातळपणामुळे, ते झिजलं तेही त्याच पातळपणामुळे. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, आणि म्हणूनच या इमारतीची दुरुस्ती इतकी अवघड ठरते. हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं ते त्यासाठी.

गोदामं बांधणारे पेरे

काम आलं पेरे बंधूंकडे. ऑग्युस्त, गुस्ताव्ह आणि क्लोद, तिघे भाऊ. वडील दगडकामाचे गवंडी. १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या लोकांनी सरकारविरुद्ध केलेल्या उठावात, सामील असल्यामुळे त्यांना देश सोडून ब्रसेल्सला जावं लागलं होतं, आणि ऑग्युस्तचा जन्म १८७४ साली तिथलाच. पुढे तो पॅरिसच्या नामांकित कलाशाळेत वास्तुकला शिकला, पण पदवी न घेताच बाहेर पडून घरच्या धंद्यात उतरला. ही गोष्ट महत्त्वाची आहे. पेरे नकाशा काढायचे आणि बांधायचेही. कागदावरची रेघ आणि मालाचा भाव एकाच माणसाच्या डोक्यात असायचे.

काँक्रीट त्यांना नवीन नव्हतं. १९०४ च्या सुमाराला त्यांनी पॅरिसच्या र्‍यू फ्रांक्लॅंवर काँक्रीटच्या सांगाड्याची राहती इमारत उभी केली होती, १९१३ मध्ये शांझेलीझे नाट्यगृह. पण ल रँसीच्या दृष्टीने त्याहून मोलाची ठरली ती कमी प्रतिष्ठेची कामं. युद्धकाळात मोरोक्कोत कासाब्लांकाच्या बंदरावर त्यांनी गोदामं बांधली. त्यांवर काँक्रीटची अतिशय पातळ कमानी छपरं होती. मग १९१९ साली पॅरिसमध्ये एका कपडेवाल्याचा शिवणकारखाना बांधला. मोठी मोकळी जागा, मधे अडथळा कमी, वरून भरपूर उजेड, खर्च बेताचा. चर्चची गरज शब्दशः हीच होती. ऑग्युस्त पेरे यांनी कारखान्याची आणि गोदामाची अक्कल देवघरात आणली, आणि त्याबद्दल त्यांना संकोच वाटला नाही.

काँक्रीटचं चर्च त्याआधी झालं नव्हतं असं नाही. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीच्या कुशीत आनातोल द बोदो यांनी १९०४ साली सँ झाँ चर्च पुरं केलं, त्यात सळई घातलेलं सिमेंट आहे. पण त्याला बाहेरून विटा आणि वर चिनीमातीची सजावट चढवलेली आहे. ल रँसीत वर चढवायला काहीच नव्हतं. ना दगड, ना गिलावा. फळ्या काढल्या की जे दिसेल ते चर्च. १९२२ साली असा निर्णय घ्यायला धीर लागत होता, कारण उघडं काँक्रीट तेव्हा बंदराला, कारखान्याला, पुलाला शोभणारी गोष्ट होती. पूजेच्या जागेला नव्हे.

१९२२ च्या वसंतात काम सुरू झालं आणि १७ जून १९२३ ला चर्चचा अभिषेकही झाला. वर्ष-सव्वा वर्षात एवढं मोठं चर्च.

अठ्ठावीस खांबांचा हिशेब

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो मोकळेपणा. चर्च साधारण ५६ मीटर लांब आणि २० मीटर रुंद. छप्पर पेलायला २८ खांब, चार रांगांत. प्रत्येक खांब ११ मीटर उंच, बुंध्याशी ४३ सेंटिमीटर जाड आणि वर जाता जाता ३५ सेंटिमीटर. म्हणजे उंची जाडीच्या पंचवीस पटींहून जास्त.

मी परतीच्या गाडीत एक ढोबळ हिशेब केला होता. ५६ गुणिले २० म्हणजे ११२० चौरस मीटर जागा. ४३ सेंटिमीटर व्यासाच्या एका खांबाचा छेद सुमारे ०.१४५ चौरस मीटर. असे २८ खांब मिळून चार चौरस मीटरांच्या आसपास. अकराशे वीस चौरस मीटरांचं छप्पर पेलायला जमिनीवरची चार चौरस मीटर जागा, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. दगडी चर्चमध्ये भिंती आणि खांब मिळून जागेचा केवढा मोठा घास घेतात, हे ज्यांनी वसईच्या किंवा जुन्या गोव्याच्या चर्चच्या भिंतींची जाडी दाराच्या चौकटीतून पाहिली आहे त्यांना सांगायला नको.

इतके बारीक खांब चालले कसे? छपराच्या रचनेमुळे. मधल्या भागावर लांबीच्या दिशेने एक बसकी कमान जाते. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर मात्र छोट्या छोट्या कमानी आडव्या टाकलेल्या आहेत. मधली कमान बाहेर रेटते, तो रेटा या आडव्या कमानी आणि त्यांच्यावरच्या काँक्रीटच्या फासळ्या घेतात. फासळ्या कमानीच्या वरच्या अंगाला, म्हणून खालून दिसत नाहीत. कमानीचं कवच जेमतेम ५ सेंटिमीटर जाड. मध्ययुगातल्या गॉथिक शैलीच्या चर्चना हाच रेटा अडवायला बाहेरून दगडी टेकू द्यावे लागायचे. इथे बाहेर एकही टेकू नाही.

खांबांच्या अंगावर उभ्या पन्हाळी आहेत. ग्रीक देवळांच्या खांबांची आठवण येते, आणि थोडी गॉथिक खांबांच्या जुडग्यांचीही. पण त्या कोणी छिनीने कोरलेल्या नाहीत. लाकडी साच्याच्या आत पट्ट्या ठोकल्या, काँक्रीट ओतलं, साचा सोडवला, पन्हाळी उमटल्या. आपल्याकडचे सेंट्रिंगवाले ज्याला फर्मा म्हणतात तोच प्रकार. एक फर्मा करायचा आणि तो पुन्हा पुन्हा वापरायचा, यातच सगळी बचत होती. समोरच्या मनोऱ्यातले खांबही याच घराण्यातले. खांबाला हात लावला की पन्हाळीच्या कडेला लाकडाच्या शिरांचा ठसा बोटाला लागतो. सुताराने केलेल्या कामाचं लाकूड कधीच निघून गेलं, पण त्याची खूण राहिली. मला आतली सगळ्यात हृद्य गोष्ट हीच वाटते.

जमिनीचा उतारही लक्षात घेण्यासारखा आहे. दारापासून वेदीकडे ती हळूहळू खाली जाते, नाट्यगृहात जाते तशी, आणि वेदी मात्र उंच उचललेली आहे. मागच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईलाही मिस्सा चालू असताना वेदीवरचे हात दिसावेत. नाट्यगृह बांधलेल्या माणसाला हे सुचणं स्वाभाविक होतं. जागेचा मूळचा उतार तसाच वापरल्यामुळे भरावाचा खर्चही वाचला असणार.

जाळी

आता मुख्य गोष्टीकडे येते.

छप्पर खांबांवर आहे. आणि बाहेरच्या रांगेतले खांबसुद्धा भिंतीत बुजवलेले नाहीत. ते भिंतीपासून सुटे, आत उभे आहेत. म्हणजे भिंतीवर कसलाही भार नाही. तिला फक्त वारापाऊस अडवायचा आहे. मग भिंत हवीच कशाला? पेरे यांनी चारही बाजूंनी काँक्रीटची जाळी उभी केली, खालपासून वरपर्यंत.

साधारण ६० सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे जमिनीवर साच्यांत ओतायचे आणि मग एकावर एक रचत न्यायचे. त्यांच्या आतले आकार फक्त पाच : चौकोन, वर्तुळ, त्रिकोण, बर्फी आणि क्रूस. पाच साच्यांत सगळं चर्च. आपल्याकडे जिन्याच्या बाजूला, गच्चीच्या कठड्याला सिमेंटच्या जाळीचे ठोकळे लावतात, त्यांच्याशी याचं नातं अगदी जवळचं. फरक इतकाच की इथे प्रत्येक भोकात रंगीत काच आहे, आणि ठोकळ्यांचे आकार असे योजले आहेत की दोन खांबांमधल्या प्रत्येक खणात एक प्रचंड क्रूस तयार होतो.

या काचा ज्यांनी केल्या त्या मार्गरीत यूरे यांचं नाव आजही पेरे यांच्या नावाइतकं घेतलं जात नाही, आणि ते मला खटकतं. त्यांचा जन्म १८९५ चा, म्हणजे काम हाती घेतलं तेव्हा त्या सत्ताविशीतल्या होत्या. खणांच्या मधोमध जी चित्रं आहेत ती मोरिस दनी यांची. दनी तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, नावाजलेले चित्रकार, मनाने खोल श्रद्धावान. पेरे यांच्या नाट्यगृहाच्या घुमटाची चित्रं त्यांचीच होती. १९१९ मध्ये जॉर्ज देवालिएर यांच्याबरोबर त्यांनी धार्मिक कलेची कार्यशाळा सुरू केली होती, कारण चर्चमध्ये त्या काळी सर्रास दिसणारे साच्यातले गोड चेहऱ्यांचे प्लास्टरचे संत त्यांना सहन होत नव्हते. साच्यातून निघालेल्या मूर्तींवर चिडलेला हा माणूस, साच्यातून निघालेल्या भिंतीत आपली चित्रं बसवायला तयार झाला, हे मला नेहमी विचारात पाडतं. माझ्या मते त्याला फरक कळत होता. प्लास्टरचा संत हाताने घडवल्याचा आव आणतो. पेरे यांचा ठोकळा कसलाच आव आणत नाही.

दनी यांची दहा चित्रं आहेत, मरियेच्या जीवनाशी जोडलेली. त्यांत उर्कच्या लढाईचाही प्रसंग आहे : ज्यांच्यासाठी चर्च बांधलं ते सैनिक काचेत उतरले आहेत. मरियेच्या कथेत १९१४ ची लढाई हे वाचायला विचित्र वाटतं, पण तिथे उभं राहिल्यावर वाटत नाही. मुलगा गमावलेल्या आईला दुसरी मुलगा गमावलेली आई समोर दिसावी, इतका साधा तो विचार आहे.

यूरे यांनी ही चित्रं काचेत उतरवली. त्यांच्याभोवतीचा सगळा विस्तार, म्हणजे भिंतीचा फार मोठा भाग, निव्वळ रंगांचा आहे, आणि तो त्यांचा स्वतःचा. तिथे आकृती नाही, गोष्ट नाही. काँक्रीटच्या भोकाभोकांत काच आणि तिचा रंग. एका खणातून दुसऱ्या खणात जाताना रंगाचा रोख बदलत जातो, आणि वेदीमागे निळ्याचा अंमल सुरू होतो. निळा हा मरियेचा रंग.

चित्र आणि जाळी यांची ओढाताण लपत नाही. चित्रालाही काँक्रीटच्या चौकटींतच बसावं लागलं आहे. चेहरे आणि वस्त्रांच्या चुण्या लांबून वाचता येत नाहीत. आधी दिसतो तो रंगाचा क्रूस, आणि बरंच जवळ गेल्यावर त्याच्या पोटातली माणसं. दनी यांच्या चित्रांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, या चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या माणसाला वेढतं ते यूरे यांचं काम. चित्रं शोधावी लागतात. उजेड शोधावा लागत नाही. तो अंगावर येतो, खांबांवर चढतो, हातातल्या प्रार्थनेच्या पुस्तकावर पडतो.

लोकांनी या चर्चला काँक्रीटचं ‘सँत शापेल’ म्हटलं. सँत शापेल म्हणजे पॅरिसमधलं राजाचं प्रार्थनागृह, १२४८ साली पुरं झालेलं, जिथे दगड जवळजवळ नाहीसा होऊन काचच उरते. राजाला जे खजिना ओतून मिळालं ते ल रँसीतल्या साध्या लोकांना पाच साच्यांत मिळालं. हे मला पावणेसातशे वर्षांतलं मोठं अंतर वाटतं.

जे जमलं नाही

बाहेरून हे चर्च मला तितकं पटत नाही. समोरचा मनोरा चाळीस मीटरांहून उंच आहे. खांबांच्या जुड्या टप्प्याटप्प्याने आत घेत तो वर चढवला आहे. आतल्या खांबांना जे हलकेपण आहे ते इथे नाही. तेच खांब जुडीत बांधले की जड वाटू लागतात. जुन्या गॉथिक शिखराची आठवण ठेवावी की आपला माल नेईल तिकडे जावं, हे पेरे यांना पुरतं ठरवता आलं नाही असं मला वाटतं. दुसरं म्हणजे जाळी बाहेरून दिवसा मुकी दिसते. काचेमागे अंधार असतो, त्यामुळे रंग दिसत नाहीत, फक्त करडी भोकं. रस्त्यावरून जाणाऱ्याला आत काय आहे याचा पत्ताच लागत नाही. उजेड आतल्यांसाठी आहे. हा दोष म्हणावा की स्वभाव, यावर मी अजून डळमळते.

पुढे काय झालं

तीनच वर्षांनी, १९२६ साली, पॅरिसमध्ये जोन ऑफ आर्कच्या नावाने मोठ्या चर्चची स्पर्धा झाली. पेरे यांनी २०० मीटर उंचीच्या काँक्रीटच्या मनोऱ्याचा आराखडा दिला. तो निवडला गेला नाही. मोठ्या चर्चला अजून दगडाचीच ओढ होती.

पण ल रँसी लांबवर पोचलं होतं. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला कार्ल मोझर यांनी १९२५ ते १९२७ मध्ये सेंट अँटनीचं उघड्या काँक्रीटचं चर्च बांधलं. टोकियोत अँटोनिन रेमंड यांनी १९३० च्या दशकात एका स्त्रियांच्या ख्रिस्ती महाविद्यालयासाठी प्रार्थनागृह बांधलं, ते पाहिलं की ल रँसीच डोळ्यांसमोर येतं. मनोरा, जाळी, रंगीत काचा, सगळं. हेच रेमंड पुढे भारतात आले. पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमाचं गोलकोंड वसतिगृह त्यांचं, १९३७ मध्ये काम सुरू झालेलं, उघडं काँक्रीट अभिमानाने मिरवणाऱ्या आपल्या देशातल्या पहिल्या इमारतींपैकी एक. तिथे काचेचं काही नाही. वारा खेळवणाऱ्या आडव्या झडपा आहेत, कारण पाँडिचेरीला उजेड नको, वारा हवा. पण भार खांबांवर आणि भिंत म्हणजे नुसती गाळणी, हा विचार ल रँसीतल्यासारखाच आहे. मुंबईकरांनी दादरचं गोखले रोडवरचं ‘पोर्तुगीज चर्च’ आठवावं. चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात केलेली तिथली आजची वास्तूही काँक्रीटचीच. आपण पत्ता सांगायला तिचा उपयोग करतो आणि पुढे जातो. त्याच्या पन्नास वर्षं आधी ल रँसीत काँक्रीटला देवाच्या दारात उभं राहायची मुभा मिळाली नसती तर ती वाट इतकी सरळ झाली नसती.

यूरे आणि पेरे पुन्हा एकत्र आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. बॉम्बहल्ल्यात जमीनदोस्त झालेलं ल आव्र शहर पेरे यांनी नव्याने मांडलं, आणि त्यात सेंट जोसेफचं चर्च, १०७ मीटर उंच मनोऱ्याचं. त्याच्या काचा यूरे यांच्या : १२,७६८ तुकडे, सात रंग, आणि एकही आकृती नाही. ल रँसीत चित्राभोवतीची किनार म्हणून जे सुरू झालं होतं, ते तिथे सगळं चर्च व्यापून बसलं. पेरे ते पुरं झालेलं पाहायला राहिले नाहीत. १९५४ मध्ये ते गेले. यूरे १९६७ पर्यंत होत्या.

सळई फुगली

ल रँसीच्या चर्चला १९६६ साली फ्रान्सने ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला. तोवर ते आजारी पडलं होतं.

रोग आमच्या धंद्यात ओळखीचा आहे. ताजं काँक्रीट कमालीचं अल्कधर्मी असतं, आणि त्या अल्कात सळईवर एक अतिसूक्ष्म रक्षक थर धरून राहतो. तो असेपर्यंत गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत जातो, आतल्या चुन्याचं रूपांतर करतो आणि अल्क उतरवत नेतो. ही आघाडी दरवर्षी थोडी थोडी आत सरकते. सळईपर्यंत पोचली की थर जातो, ओल मिळाली की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो. तेवढी जागा काँक्रीटमध्ये नसते, म्हणून ते फुटतं. सळई फुगली असं आपण म्हणतो ते याला.

या रोगावरचा साधा उपाय म्हणजे सळईवर काँक्रीटचा पुरेसा थर राखणं. आज साइटवर त्यासाठी कव्हरचे ठोकळे ठेवतात. आघाडीला जितकं अंतर कापायचं तितकी वर्षं इमारतीला जास्त मिळतात. आता जाळीच्या त्या बारीक दांड्या आठवा. त्यांच्यात सळईवर थर ठेवायचा म्हटलं तरी किती ठेवणार? शिवाय १९२२ साली काँक्रीट काठ्यांनी आणि कुदळींनी ठोसून बसवायचे. यंत्राने थरथरवून घट्ट बसवण्याची पद्धत सर्रास झालेली नव्हती. माल काटकसरीचा, काम घाईचं. बाहेरून पाऊस, हिवाळ्यात गोठणारं पाणी. आतून शेकडो माणसांच्या श्वासाची ओल थंड काचेवर जमून काचेच्या कडेने काँक्रीटमध्ये उतरणार. दोन्ही बाजूंनी ओल, आणि मधे बोटभर काँक्रीट.

खांब मात्र त्या मानाने निभावले. त्यांचा आकार भरीव आणि ते आत, कोरड्यात. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त गेली ती जाळी, म्हणजे नेमकं तेच ज्यासाठी हे चर्च ओळखलं जातं.

इथे दुरुस्ती करणाऱ्यापुढे पेच उभा राहतो. साध्या इमारतीत आम्ही काय करतो? पोपडे झाडतो, सळई घासतो, गंजरोधक लावतो, नवा मसाला भरतो, वर संरक्षक रंगाचा थर देतो. कॉलम एक-दोन इंच जाड झाला तरी राहणाऱ्यांची काही तक्रार नसते. इथे दांडी एक-दोन सेंटिमीटर जाड केली तर भोक तेवढं लहान होतं, काच तेवढी कापावी लागते आणि उजेड तेवढा कमी होतो. असं हजारो भोकांत. रंगाचा थर दिला तर उघडं काँक्रीट उघडं राहत नाही. आणि काही केलंच नाही तर तुकडे खाली पडतात, काचेसकट.

१९८० आणि १९९० च्या दशकांत जे मोठं काम झालं, त्यात काचा उतरवून दुरुस्त केल्या गेल्या आणि जाळीचे खराब झालेले भाग त्याच आकारांत नव्याने ओतून बसवले गेले. दुरुस्तीच्या जगात यावर एक जुना आक्षेप आहे : स्मारकाचा मूळ पदार्थच बदलला तर ते स्मारक मूळचं कसं? दगडी देवळाच्या बाबतीत मी स्वतः हा आक्षेप मनापासून घेईन. छिनीचा घाव पुन्हा तसाच पडत नाही. हेमाडपंती देवळाचा झिजलेला दगड काढून त्या जागी यंत्रावर कापलेला नवा बसवलेला पाहिला की पोटात तुटतं.

पण ल रँसीची जाळी घडलीच मुळी साच्यातून. पेरे यांच्या हाताची खूण एकेका ठोकळ्यात नाही, ती पाच आकारांच्या निवडीत आणि त्यांच्या मांडणीत आहे. पहिला ठोकळा आणि शंभरावा ठोकळा यांत मूळ कोणता, असा प्रश्न १९२२ सालीही विचारता आला नसता. जे परत करता येणार नाही असं इथे एकच आहे : यूरे यांच्या हातची काच, आणि तिच्यातून येणारा ठरावीक उजेड. तो उजेड राखायला काँक्रीट बदलावं लागलं तर बदलावं, असं माझं मत आहे. खांब मात्र कोणी हात लावून नवे करू म्हणालं तर मी आडवी येईन. त्यांच्या अंगावर त्या फळ्यांचा ठसा आहे आणि त्या फळ्या आता नाहीत.

नव्या ओतकामात सळईवरचा थर, सिमेंटचं प्रमाण, पाण्याचा हिशेब हे सगळं जुन्यापेक्षा काटेकोरपणे सांभाळता येतं. तरीही दांडी बारीकच राहणार, आणि बारीक दांडीचं आयुष्य मोजकंच. हे चर्च पुन्हा दुरुस्तीला येईल. तेव्हा साचे पुन्हा भरले जातील, काचा पुन्हा उतरतील.

मी गेले तेव्हा थंडीतली दुपार होती आणि आत पाच-सात माणसं. सूर्य खाली होता, त्यामुळे एका बाजूच्या जाळीतून उजेड थेट तिरका आत येत होता. पुढच्या बाकावर एक वयस्क बाई कोट न काढता बसल्या होत्या. त्यांच्या पाठीवर, करड्या लोकरीवर, केशरी रंगाचा एक क्रूस पडला होता. त्या बसून होत्या तेवढ्या वेळात तो खांद्यावरून सरकत बाकाच्या लाकडावर आला, तिथून जमिनीवर, आणि मग मधल्या रांगेतल्या खांबाच्या पन्हाळींवर चढू लागला.